अमेरिकेत गाडीचं ऑइल आणि वॉरंटी : नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत पहिली गाडी घेतली की भारतातली एक समजूत सोबत येते: वॉरंटी संपेपर्यंत गाडी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्यायची, बाहेर हात लावू दिला की वॉरंटी गेली. इथे तसं नाही. १९७५च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, ऑइल बाहेर बदललं किंवा फिल्टर दुसऱ्या कंपनीचा लावला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या कामामुळे किंवा त्या पार्टमुळे झाला, हे कंपनीला दाखवावं लागतं. पण ऑइल वेळेवर बदललंच नाही आणि त्यामुळे इंजिन बसलं, तर कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. म्हणून सगळी मदार कागदांवर आहे.

बिलावर तारीख, ओडोमीटरचे मैल, गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), ऑइलचा ग्रेड (ते किती पातळ-जाड हे सांगणारा आकडा), किती क्वार्ट (एक क्वार्ट लिटरहून जरासा कमी) घातलं आणि फिल्टरचा नंबर हे सगळं हवं. नुसतं ‘ऑइल चेंज’ लिहिलं असेल तर काउंटरवरच दुरुस्त करून घ्या. घरी बदलत असाल तर ऑइल आणि फिल्टरच्या पावत्या ठेवा, त्याच दिवशी ओडोमीटरचा फोटो काढा आणि वहीत नोंद करा. दुकानाच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, तेव्हा लगेच स्कॅन करा.

ग्रेडसाठी मॅन्युअल हाच शेवटचा शब्द. इंजिनावरच्या ऑइलच्या झाकणावरही तो बहुधा छापलेला असतो. अलीकडच्या बऱ्याच टोयोटा-होंडांना ०डब्ल्यू-२० लागतं, काही टोयोटांना ०डब्ल्यू-१६. भारतात २०डब्ल्यू-४० पाहिलेल्यांना हे पाण्यासारखं पातळ वाटतं आणि ‘जरा जाड घातलं तर इंजिन टिकेल’ असा विचार येतो. तो सोडा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत इंजिनाच्या वरच्या भागात लवकर पोचतं, आणि मिनेसोटात उणे २० सेल्सिअसला गाडी सुरू करताना पहिले काही सेकंदच महत्त्वाचे असतात. शिवाय व्हॉल्व्ह टायमिंग (इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या ते) बदलणारी यंत्रणा याच ऑइलच्या दाबावर, अरुंद वाटांमधून चालते, म्हणून तिथे ठरलेलाच ग्रेड हवा.

ब्रँड कुठलाही चालेल, बाटलीवरचं प्रमाणपत्र बघा. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या गोल चिन्हात एसपी (२०२०पासून) किंवा एसक्यू (२०२५पासून) ही दर्जाची अक्षरं असावीत. जीएमच्या (जनरल मोटर्स) पेट्रोल गाड्यांना डेक्सॉस या कंपनीच्याच ऑइल-मानकाचं चिन्ह लागतं. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजचे स्वतःचे मान्यता क्रमांक असतात. बाटलीवर ‘या गाड्यांसाठी योग्य’ असं लिहिलेलं असणं आणि कंपनीची मान्यता असणं यात फरक आहे. वॉरंटीच्या काळात मान्यता असलेलंच घ्या.

कधी बदलायचं? काचेवर ३,००० मैलांचं स्टिकर लावून देतात ते विसरा. ०डब्ल्यू-२० सिंथेटिकवर चालणाऱ्या बहुतेक टोयोटांना १०,००० मैल किंवा १२ महिने, यातलं जे आधी येईल ते. होंडात डॅशबोर्डवर ऑइल लाइफ (ऑइलचं उरलेलं आयुष्य) १५ टक्क्यांवर आलं की सूचना येते. महिन्यांची अट फार जण विसरतात: घरून काम करणाऱ्याची गाडी वर्षात ४,००० मैलच चालली तरी ऑइल बदलावं लागतं. कडाक्याच्या थंडीत रोज दोन-तीन मैलांच्याच फेऱ्या होत असतील तर त्याहूनही लवकर, टोयोटात ५,००० मैलांना किंवा ६ महिन्यांना. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. झाकणाच्या आत पिवळट साय धरलेली दिसते ती यामुळेच.

गडबड होते ती बहुतेक बदलतानाच. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो आणि रस्त्यावर दाब वाढला की सगळं ऑइल मिनिटांत बाहेर. दुसरी चूक जास्त ऑइल ओतण्याची. दुकानात कॅन ५ क्वार्टचा मिळतो, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर, १.८ लिटरच्या बऱ्याच कोरोलांना फिल्टरसकट ४.४ क्वार्टच लागतं. पूर्ण कॅन रिकामा केला तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ऑइल घुसळून फेस करू शकतो आणि दाब पडू शकतो. म्हणून काम झाल्यावर तिथून हलण्याआधी इंजिन मिनिटभर चालवा, गाडीखाली वाकून बघा, मग बंद करून पाच मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) तपासा. काउंटरवर इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) किंवा इंजेक्टर क्लीनिंग सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसेल तर वॉरंटीसाठी लागत नाही.

नव्या टोयोटाला २ वर्षं किंवा २५,००० मैलांपर्यंत ठरलेली सर्व्हिस डीलरकडे फुकट मिळते, ती जरूर घ्या. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाकडून सर्व्हिसची बिलं मागून घ्या. ह्युंदाई-कियाची १० वर्षं किंवा १,००,००० मैलांची पॉवरट्रेन (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. खासगी विक्रीत दुसऱ्याला मूळ तारखेपासून ५ वर्षं किंवा ६०,००० मैलच मिळतात.

डीलरने क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. नेमकं कारण लेखी मागा, बिलांच्या प्रती जोडून थेट उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाकडे प्रकरण न्या, आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक कक्षाकडे तक्रार करा.