अँडोराचे दोन धनी: लिहिताना या चुका टाळा

मराठीत सर्वाधिक दिसणारी चूक शब्दाचीच आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या अँडोरा या चिमुकल्या देशाला दोन राष्ट्रप्रमुख आहेत: स्पेनमधल्या उर्हेलचा बिशप आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. त्यांना ‘सहराजपुत्र’ लिहितात. बिशप कोणाचा राजपुत्र? मूळ ‘प्रिन्स’चा अर्थ इथे अधिपती, म्हणून ‘सहअधिपती’ लिहा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘१२७८ मध्ये फ्रान्स आणि उर्हेलच्या बिशपने अँडोरा वाटून घेतला.’ १२७८ च्या करारात फ्रान्स नव्हताच! भांडण होतं उर्हेलचा बिशप आणि फ्वाचा कौंट (आजच्या दक्षिण फ्रान्समधला सरदार) रोझे-बर्नार तिसरा यांचं. अँडोराची खोरी बिशपची, पण ती त्याने ज्या काबोएत घराण्याला जहागीर दिली, त्यातल्या मुलींच्या लग्नांतून तो हक्क आधी कास्तेल्बो आणि मग फ्वा घराण्यात गेला. कौंट डोईजड झाला, लढाया झाल्या, अखेर अरागॉनच्या राजाच्या मध्यस्थीने समेट झाला. मग फ्रान्स आला कुठून? वारशातून. फ्वाचे कौंट १४७९ मध्ये नवारा या शेजारच्या राज्याचे राजे झाले आणि १५८९ मध्ये नवाराचा हेन्री फ्रान्सच्या गादीवर बसला. राजे गेले, हक्क राष्ट्राध्यक्षांकडे आला. तुमच्या लेखात १२७८ नंतर थेट पॅरिस येत असेल, तर मधली तीनशे वर्षं गळली आहेत.

‘वाटून घेतला’ हेही चूकच. जमीन वाटलीच नाही. आपल्या जुन्या दुअंमलासारखा एकाच मुलखावर दोघांचा हक्क राहिला. पण म्हणून ‘समसमान’ लिहू नका. कर एक वर्ष एकाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला, हे खरं. मात्र बिशपला ४,००० स्यूंची (त्या काळचं नाणं) मर्यादा, तर कौंट हवं तितकं मागू शकत होता. समेट कोणाच्या बाजूला झुकला, ते या एका कलमात दिसतं. शिवाय १२७८ वर थांबू नका, १२८८ मध्ये दुसरा करार झाला.

फ्रँकांचा सम्राट शार्लमेनने अँडोरा स्थापल्याची गोष्ट आख्यायिका म्हणूनच सांगा.

आणि ‘सलग सातशे वर्षं’ लिहिण्याआधी १७९३ तपासा. क्रांतीच्या फ्रान्सने अँडोराकडून मिळणारा हा कर सरंजामी नजराणा म्हणून नाकारला होता. नेपोलियनने १८०६ मध्ये नातं पुन्हा जोडलं. आजचा कारभार मात्र १९९३ च्या राज्यघटनेवर चालतो. तिने दोन्ही सहअधिपती ठेवले, सत्ता जनतेकडे दिली.