शुगर असताना मूळव्याधीचा त्रास होत असेल तर

मूळव्याध झाली की आपल्याकडे लगेच कोणीतरी गुलकंद नाहीतर अभयारिष्ट हे आयुर्वेदिक औषध सुचवतं, पण गुलकंदात साखर असते आणि अभयारिष्टात गूळ, त्यामुळे शुगरवाल्यांनी ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इसबगोल चालतं, फक्त पाकीट वाचून घ्या, संत्र्याच्या चवीच्या बऱ्याच पावडरींमध्ये साखर असते, साधा भुसा बरा, आणि त्यावर ग्लासभर पाणी प्यायलाच हवं नाहीतर शौचाला उलट जास्त घट्ट होतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यात दोनेक तासांचं अंतर ठेवा.

कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसल्याने खूप आराम पडतो, पण शुगरमुळे नसा बधिर झालेल्या असतील तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही हो, म्हणून आधी कोपराने बघा किंवा घरच्या कोणाला तरी हात घालून बघायला सांगा. नंतर टॉवेलने हलकेच टिपून कोरडं करा, घासू नका. स्टिरॉइडवालं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय आठवडाभरापेक्षा जास्त लावू नका.

आणि हे प्लीज मनावर घ्या, तिथे सूज, पू, ठणका किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शुगरमध्ये इन्फेक्शन फार झपाट्याने पसरतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्त पडत असेल तर मूळव्याधच आहे असं धरून चालू नका, तपासून घ्या.