पूर येण्याआधी: होडी आधी कुठे जाईल हे ठरवण्याची तयारी

जून संपण्याआधी आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एक संध्याकाळ यासाठी काढावी. बडोद्यात ३१ जुलै २०१९ला चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली, लष्कराला बोलवावं लागलं. अशा दिवशी समा, अकोटा, वडसर, सगळीकडून एकदम फोन येतात आणि आपल्या हाती एखादी होडी, एखादा ट्रॅक्टर आणि चार पोरं असतात. पाणी चढल्यावर ठरवायला बसलं तर ज्याची ओळख मोठी त्याच्याकडे होडी जाते.

पहिली नोंद माणसांची, घरच्यांना विचारून. तळमजल्यावर कोण राहतं, अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली बाई कुठल्या घरात, मुलं परदेशी असल्यानं एकटे राहणारे आजी-आजोबा कोणते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेलं घर लाल शाईनं लिहा, कारण पाणी भरलं की वीज जाते आणि वीज गेली की ते यंत्र बंद. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर तो किती तास पुरेल हेही शेजारी लिहा. डायलिसिसवाल्यांचे वार लिहून ठेवा: कालच जाऊन आलेला रुग्ण आज थांबू शकतो, पाळी हुकलेला नाही. प्रत्येक नावापुढे प्रश्न एकच, किती वेळ थांबता येईल? वर्गणी, जात, भाषा यातलं काही त्या वहीत येता कामा नये. मराठी मंडळाची होडी नदीकाठच्या झोपडपट्टीत आधी जाऊ शकते, हे सभासदांना आत्ताच स्पष्ट सांगा. त्या दिवशी सांगितलं तर भांडणं होतील.

दोन्हीकडची निकड सारखीच असेल तर एका फेरीत जास्त माणसं निघतील तिकडे आधी. तेही सारखं असेल तर सरळ चिठ्ठी टाका.

निर्णय घेणाऱ्यानं होडीत बसू नये. फोन आणि वही घेऊन कोरड्या जागी थांबावं, प्रत्येक फेरीपुढे वेळ आणि कारण लिहावं, अर्ध्या तासानं यादी पुन्हा बघावी. त्याचंच घर यादीत आलं तर त्या फेरीचा निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा. तो दुसरा कोण, हे आजच ठरवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एकही फोन न आलेल्या गल्लीची. तिथले मोबाइल बंद पडलेले असतात, किंवा फोन करणारं कुणी नसतं. अशा गल्ल्यांसाठी एक फेरी राखून ठेवा आणि कितीही आग्रह झाला तरी ती दुसरीकडे वळवू नका.

रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन मदतीचा ११२, अग्निशमनाचा १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर हवेत. आपण पोचू शकत नाही ती नावं त्यांना लगेच द्या, आणि आपण कुठे निघालो तेही कळवा, म्हणजे एकाच घरी दोन होड्या जाणार नाहीत. नदीत मगरी आहेत. पुराच्या पाण्यातून कुणालाही पायी पाठवू नका, रात्री तर नाहीच.

यादीच्या कागदी प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन वेगवेगळ्या इमारतींत, वरच्या मजल्यावर ठेवा. गणपतीच्या वर्गणीसाठी घरोघरी फिराल तेव्हा नावं पुन्हा तपासून घ्या.