सगळेच ‘सहमत’ असतात तेव्हा : वातावरण आणि समाधानावर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

एमबीए एचआर करा, एमपीएम करा, नाहीतर एमएसडब्ल्यू. ‘कामाच्या वातावरणाचा कर्मचाऱ्यांच्या समाधानावर व कामगिरीवर होणारा परिणाम’ हा विषय दर बॅचमध्ये कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतोच. सोपा वाटतो म्हणून घेतला जातो. प्रश्नावली तयार मिळते, कंपनीचा एचआर नाही म्हणत नाही, गाइड सही करून मोकळे होतात. लायकर्ट स्केल (‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशी १ ते ५ ची मोजपट्टी), सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण), अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) हे सगळं तुम्हाला वर्गात झालेलं आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते फॉर्म कुणाच्या हातून वाटले जातात आणि कुणाच्या हातात परत जातात, त्याबद्दल. कारण पुस्तकात यावर फार तर एक ओळ असते, आणि माझं जवळजवळ सगळं सत्र त्या एका ओळीने खाल्लं.

माझा प्रोजेक्ट चाकणच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. एचआरमधले साहेब तसे भले. “तुम्ही कुठे शॉप फ्लोअरवर हिंडता मॅडम, सुपरवायझरकडून भरून घेतो,” म्हणाले. दोन-तीन दिवसांत गठ्ठा टेबलावर! एंट्री झाली, अल्फा ०.९ च्या वर, वातावरण आणि समाधान यांचा सहसंबंध ०.८ च्या पुढे. गाइड खूश, मी त्यांच्याहून खूश.

घोटाळा उलट्या विधानांनी, म्हणजे मुद्दाम विरुद्ध अर्थाने घातलेल्या विधानांनी, उघड केला. ‘वरिष्ठ माझं म्हणणं ऐकून घेतात’ यापुढे ‘पूर्णपणे सहमत’. त्याच फॉर्मवर खाली ‘ही नोकरी सोडावी असं मला वारंवार वाटतं’ यापुढेही ‘पूर्णपणे सहमत’. मग मी फॉर्म पुन्हा काढून बघितले. वरून खाली टिकांची सरळ रेघ, पंचवीस-तीस फॉर्मांवर एकाच हिरव्या पेनाची. अल्फा उंच का आला हेही तेव्हा कळलं. कुणी सगळीकडे ४ मारले, कुणी सगळीकडे ५. अशा फॉर्ममध्ये प्रत्येक विधान दुसऱ्या विधानाशी जुळणारच. प्रश्नावली विश्वासार्ह आहे, असं त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता हे जरा फोडून सांगते, कारण ‘लोकांनी नीट वाचलं नाही’ म्हणून सोडून देण्याइतकं ते साधं नाही. फॉर्म देणारा सुपरवायझर म्हणजे ओटी (जादा तासांचं काम) कुणाला, रजा कुणाला, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांपैकी पुढचा ब्रेक (कामातून खंड) कुणाला, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. त्याने दिलेल्या कागदावर ‘माझे सुपरवायझर न्यायाने वागतात’ असं विधान आहे, आणि भरलेला कागद परत त्याच्याच हातात द्यायचाय. तुम्ही काय लिहाल? वर आपण मोठ्या प्रामाणिकपणे ‘नाव लिहू नये’ असं छापतो आणि लगेच खाली विभाग, शिफ्ट, वय, शिक्षण, सेवेची वर्षं विचारतो. क्वालिटीत, फर्स्ट शिफ्टला, पदविका झालेली, तिशीच्या आतली बाई एखादीच असते. तिचं नाव लिहायची गरजच काय? पुढे मी स्वतः फ्लोअरवर गेले तेव्हा एका पोराने विचारलं, “मॅडम, टोकन नंबर कुठं टाकायचा?” नाही टाकायचा म्हटल्यावर त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि हसून ‘सहमत, सहमत’ करत भरून टाकला.

म्हणजे जिथे धाक जास्त, तिथे गुण चांगले. वातावरण जितकं वाईट तितका तुमचा तक्ता गोंडस. मोजमापच उलटं चालतं, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, १९९६ साली तो छापून आला. अपेक्षा होती की चांगल्या गटांत चुका कमी निघतील. आकडे उलटे आले: चांगल्या गटांतच जास्त चुका नोंदलेल्या. तिथल्या परिचारिका चूक झाली तर बोलून दाखवत होत्या, बाकीच्या ठिकाणी दडवली जात होती. कमी तक्रारी, शून्य चुका, सगळे समाधानी, असा विभाग दिसला तर आधी तिथेच जाऊन बसा.

दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यात, तुम्ही सगळे हॉथॉर्न लिहिणार, म्हणजे अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग. दिवे वाढवले, उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, ही गोष्ट परीक्षकांना पाठ आहे. त्याऐवजी त्याच कारखान्यातल्या १९३१-३२ च्या बँक वायरिंग रूमबद्दल (टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांच्या तारा जोडायची खोली) वाचा. चौदा पुरुष कामगार, जोडीला गटाच्या उत्पादनावरचा मोबदला. तरी दिवसाला किती काम करायचं याची मर्यादा त्यांनी आपसांत ठरवलेली, कारण जास्त काढलं तर दर कापतील, माणसं कमी करतील ही भीती. एखाद्या दिवशी जास्त झालंच तर ते मागे ठेवून दुसऱ्या दिवशी दाखवायचे, म्हणजे साहेबांपुढे रोजचा आकडा सारखा. आपल्या कुठल्याही लाइनवर थोडं थांबलात तर हे ओळखीचं वाटेल.

तर करायचं काय? फॉर्म स्वतः वाटा, स्वतः गोळा करा. कॅन्टीनमध्ये कुलूप लावलेली पेटी ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे असल्याचं सगळ्यांना दिसू द्या. शिफ्ट सुटताना गाठू नका, लोक बस पकडायला पळत असतात. चहाच्या सुट्टीत साठ विधानं कुणी भरत नाही. उदय पारीक यांच्या ऑक्टापेस या संस्थेचं वातावरण मोजणाऱ्या प्रश्नावलीत आठ मूल्यांची चाळीस विधानं आहेत. वेळ नसेल तर खुलेपणा आणि विश्वास हे दोन भाग पूर्ण घ्या, इकडचं एक तिकडचं एक असं उचलू नका. समाधानासाठी मिनेसोटा प्रश्नावलीची वीस विधानांची छोटी आवृत्ती पुरते. वैयक्तिक माहितीत फक्त विभाग, आणि पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट, एवढंच. एचआरची यादी बहुतेक वेळा ऑन रोल, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावरच्या, लोकांचीच असते, म्हणून कॉन्ट्रॅक्टवाले मागून घ्या. त्यांना वगळून कारखान्याचं वातावरण मोजणं म्हणजे भाडेकरूंना न विचारता वाड्याची तक्रारवही भरणं.

कामगिरी मात्र फॉर्मवर विचारू नका. ‘मी माझं काम उत्तम करतो’ यापुढे नाही कोण म्हणेल? एकाच माणसाने, एकाच बैठकीत वातावरण, समाधान, कामगिरी तिन्ही भरली की सहसंबंध फुगतोच. लाइननुसार रिजेक्शन (नाकारलेला माल), गैरहजेरी, वर्षात किती सोडून गेले, ही नोंद कंपनीकडे असते, ती मागा. तिथेही डोळे उघडे ठेवा. खाडा झाला की रोज बुडतो अशा लोकांची हजेरी चांगलीच दिसणार, तिला समाधान समजू नका. आणि सगळ्या कारखान्याची एकच सरासरी काढू नका. एकाच पत्र्याखाली दोन लाइन्स असतात, एकीकडे पोरं थट्टा करत काम करतात, दुसरीकडे कुणी मान वर करत नाही. सरासरीत दोन्ही ‘बरं’ होतात.

एवढं करून तुमचा सहसंबंध ०.२५ आला तर रडू नका. मी रडले होते, काही गरज नव्हती. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून समाधान आणि कामगिरी यांचा संबंध काढला, तो साधारण ०.३० निघाला. १९८५ च्या तशाच एका संकलनात तर ०.१७ होता. वर्ग केला तर ०.३० म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा नऊ टक्केच भाग समाधानाशी जोडलेला. बाकी यंत्र, माल, पगार, प्रशिक्षण, घरची परिस्थिती. व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी “एवढा कमी कसा?” विचारलं तर हे दोन आकडे शांतपणे सांगा. ०.८ दाखवणाऱ्याला खरं तर जास्त प्रश्न विचारायला हवेत, पण विचारत नाहीत, ही वेगळी रड.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट मिळतात, कंपनीचं नाव बदलून बाइंडिंगही करून मिळतं. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ‘शंभर प्रतिसाद’ हाही तसलाच प्रकार; वेगवेगळ्या शंभर कंपन्यांतल्या शंभर लोकांचं मिळून कुठलंच वातावरण होत नाही. गाइडचं म्हणाल तर, फ्लोअरवर कधी न गेलेल्या गाइडपेक्षा कारखान्यात वीस वर्षं काढलेला एखादा स्टोअरकीपर जास्त शिकवतो. त्याच्याशी बोलताना वही काढू नका, एवढंच.

चाळीसच प्रामाणिक फॉर्म जमले तरी चालतील, मर्यादांच्या परिच्छेदात तसं लिहा. कंपनीकडे परवानगीसाठी जाल त्याच दिवशी हेही लेखी घ्या की भरलेले फॉर्म कंपनीला मिळणार नाहीत, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या गटाचे आकडे वेगळे दिले जाणार नाहीत. शेवटच्या आठवड्यात एचआर ते मागतातच, अगदी गोड बोलून: “ओरिजिनल्स ठेवून जा ना, आमच्या रेकॉर्डला.” तेव्हा तुमचं सर्टिफिकेट त्यांच्या सहीसाठी अडलेलं असतं, आणि हातात तो कागद नसेल तर नाही म्हणणं फार जड जातं.