गाणी सांभाळून उबुंटू स्टुडिओ अपग्रेड करताना

उबुंटू स्टुडिओ या संगीताच्या कामासाठीच्या लिनक्स सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीवर अजून काम करत असाल, तर २४.०४ वर जायची वेळ झाली आहे. २२.०४ ची तीन वर्षांची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली, २४.०४ ची एप्रिल २०२७ पर्यंत आहे. पण रेकॉर्डिंगचं काम अर्धवट असताना याला हात लावू नका. हातातलं गाणं देऊन झालंय आणि पुढचं आठवडाभर लांब आहे, असाच मोकळा वेळ निवडा.

त्यातला सर्वांत जास्त वेळ गाण्यांना द्या. सिस्टीम पुन्हा टाकता येते, जमून आलेला टेक पुन्हा मिळत नाही. २२.०४ मध्ये आर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम ६.९ आहे, २४.०४ मध्ये ८.४. नव्या आर्डरमध्ये जुनं सेशन, म्हणजे गाण्याचा प्रोजेक्ट, उघडतं, पण नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडेल याचा भरवसा धरू नका. म्हणून सेशनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. नुसती सेशनची फाइल घेऊन भागत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज आतल्या ‘इंटरचेंज’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरूनच एखादं सेशन उघडून ऐका.

याशिवाय मी प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवतो. आर्डरमध्ये ‘स्टेम एक्स्पोर्ट’ त्यासाठीच आहे. हार्मोनियम, तबला, टाळ, आवाज, सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. उद्या एखादं प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारा जोड-प्रोग्राम) चाललंच नाही, तरी त्याच्यातून गेलेला आवाज हातात राहतो.

मग टाइमशिफ्ट या बॅकअपच्या प्रोग्रामने सिस्टीमची प्रत घ्या, शक्यतो दुसऱ्या डिस्कवर. ती डिस्क लिनक्सच्या फॉरमॅटची, म्हणजे ईएक्सटी४ वगैरे हवी. एक लक्षात असू द्या: टाइमशिफ्ट तुमचं होम फोल्डर आपणहून घेत नाही. ती प्रत सिस्टीमसाठी, गाण्यांची वेगळी.

बाहेरच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या लोकांनी चालवलेल्या पॅकेजच्या साठ्यांतून) प्लगइन टाकले असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा. अपग्रेड करताना ते पीपीए बंद केले जातात, पण त्यांनी आणलेली पॅकेजेस तशीच राहतात आणि नव्यांशी त्यांचा गुंता होतो. ‘पीपीए-पर्ज’ ही कमांड वापरून आधीच मूळ आवृत्त्यांवर परत या.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. आहेत ते सगळे अपडेट करून मशीन रीस्टार्ट करा, डिस्कवर किमान २० जीबी जागा मोकळी करा, लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसला लावा. मध्येच वीज गेली तर पॅकेजेस अर्धवट बसतात. टर्मिनलमध्ये ‘सुडो’, एक स्पेस, मग ‘डू-रिलीज-अपग्रेड’ असं इंग्रजी अक्षरांत, हायफनसकट टाइप करा. एखादी सेटिंगची फाइल बदलायची का, असा प्रश्न आला आणि ती तुम्ही स्वतः बदललेली असेल, तर जुनी राहू द्या. शेवटी जुनी पॅकेजेस काढायची का विचारलं की घाईने ‘वाय’ दाबू नका, यादी वाचा. तुमच्या रोजच्या वापरातलं एखादं प्लगइन त्यात असू शकतं.

रीस्टार्टनंतरचा मोठा बदल आवाजाच्या यंत्रणेत दिसेल. २२.०४ मध्ये पल्सऑडिओ आणि जॅक हे आवाज हाताळणारे दोन प्रोग्राम वेगवेगळे होते, स्टुडिओ कंट्रोल्स उघडून जॅक सुरू करावा लागे. २४.०४ मध्ये दोघांचंही काम पाइपवायर करतो. जॅक आधी सुरू करायची सवय सोडा. आर्डरमध्ये जॅक निवडा, तो पाइपवायरशीच जोडला जातो. बफर, म्हणजे आवाज एका वेळी केवढ्या तुकड्यात हाताळायचा तो आकडा, ‘उबुंटू स्टुडिओ ऑडिओ कॉन्फिगरेशन’मध्ये बदलता येतो. ४८,००० हर्ट्झवर २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. तिथून सुरुवात करा.

मग माइक लावून दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही पाइपवायरचं काम दाखवणारी कमांड चालू ठेवा. त्यातल्या ‘ईआरआर’ या रकान्यातला आकडा वाढत गेला, तर आवाजात कट्‌कट् येणार. बफर ५१२ करून पुन्हा बघा.

सेशन उघडताना मूळ नको, त्याची दुसरी कॉपी उघडा. एखादं प्लगइन सापडलं नाही तर आर्डर त्याची जागा आणि सेटिंग राखून ठेवतो, म्हणून ट्रॅकवरून ते काढून टाकू नका. लिहून ठेवलेल्या यादीतून ते पुन्हा बसवा आणि सेशन परत उघडा. नव्या सिस्टीमवर एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या डिस्कवरचं काहीही पुसू नका.