झाडांची नावं लिहिताना या चुका टाळा

गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या तपासायला लागून मला बरीच वर्षं झाली. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावानं आपल्या शिवारातली झाडंझुडपं, प्राणी-पक्षी स्वतः लिहून ठेवायची सोय झाली, आणि हे काम मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच प्रत्येक तालुक्यात त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एकच झाड तीनदा मोजणं. एका गावात ग्रामसभेपुढे यादी वाचून दाखवत होते. तीन ओळींत तीन नावं आली: अकेशिया अरेबिका, अकेशिया निलोटिका, व्हॅचेलिया निलोटिका. मराठी नावाच्या रकान्यात तिन्हींपुढे ‘बाभूळ’. मी त्यांना थांबवायच्या आतच मागून एक आजोबा म्हणाले, “ताई, बाभूळ तीन कवापास्नं झाली? वढ्याला एकच हाय. रामकाठी म्हनाल तर ती येगळी, पर ती तुमच्या कागदात न्हाईच.”

आजोबांचं दोन्ही खरं होतं. यादी करणाऱ्या मुलांपैकी एकानं ब्रिटिश काळातला फ्लोरा, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनाचा ग्रंथ, उघडला होता, दुसऱ्यानं कॉलेजचं पुस्तक, तिसऱ्यानं मोबाइल. तिघांनी एकाच झाडाची तीन काळातली नावं आणली आणि ओढ्यावर कुणीच गेलं नाही. सरूसारखी सरळसोट, निमुळती वाढणारी रामकाठी ही बाभळीचीच उपजाती मानली जाते. तिला स्वतःची ओळ मिळायला हवी होती, नेमकी तीच राहून गेली.

नावं बदलतात म्हणून कुरकुर करण्यापेक्षा का बदलली ते समजून घ्या. दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं. पुढे ती अकेशियात गेली. मग लक्षात आलं की अकेशिया या एका नावाखाली वेगवेगळ्या घराण्यांची झाडं कोंबली आहेत, वाटणी करायला हवी. नियमानं मूळ नाव आपल्या बाभळीच्या गटाकडे राहिलं असतं. पण ऑस्ट्रेलियातल्या जवळपास हजार जातींची नावं बदलावी लागली असती, म्हणून २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्ना परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन गटाला दिलं गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगॅलिया कॅटेच्यू झाला, आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली. मला हा निर्णय आजही खुपतो, पण नोंदवहीत माझं मन चालत नाही.

बाभळीच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ‘एल.’ दिसतं ते लिनियसचं. कंसाचा अर्थ असा, की ‘निलोटिका’ हे नाव त्यानं दिलं, पण झाड नंतर दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे नावातला पहिला शब्द ज्या गटाचा असतो त्यात, हलवलं गेलं. दोन नोंदींत शेपूट, म्हणजे नावाचा दुसरा शब्द, तेच आणि कंसातला माणूसही तोच दिसला की पेन खाली ठेवा, बहुतेक ते एकच झाड असतं. ‘अरेबिका’सारखी वेगळ्या शेपटाची जुनी नावं अशी सापडत नाहीत. त्यासाठी मी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर प्रत्येक नाव टाकून बघते आणि शेजारी तपासल्याची तारीख लिहिते.

‘प्रजाती’ आणि ‘जाती’ यांची अदलाबदल तर रोजची. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रजाती ही वरची पायरी, जाती तिच्या खालची. वड, पिंपळ, उंबर या तीन जाती, प्रजाती एकच, फायकस. हिंदीत खालच्या पायरीला ‘प्रजाति’ म्हणतात, तिथून तो शब्द आपल्या बातम्यांत घुसला. आणि हापूस, पायरी या आंब्याच्या जाती नव्हेत. दोन्ही मँजिफेरा इंडिकाच, ते वाण. बोलताना आंब्याच्या जाती म्हणा, नोंदवहीत वाणाचा रकाना वेगळा असतो, तिथे लिहा.

नावात ‘इंडिका’ आहे म्हणून झाड देशी ठरत नाही. टॅमरिंडस इंडिका म्हणजे आपली चिंच मूळची आफ्रिकेतली.

रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. हातानं लिहिलं तर दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.

वडाच्या ‘बेंगालेन्सिस’मध्ये जी नंतर एच आहे, खोकडाच्या ‘बेंगालेन्सिस’मध्ये नाही. दोन्ही बरोबर आहेत, सुधारायला जाऊ नका.

आता मराठी नावावरून थेट शास्त्रीय नाव लिहिण्याबद्दल. कोकणात एका आजींनी विहिरीच्या कडेची वेल दाखवून ‘ब्राह्मी’ म्हटलं. सोबतच्या विद्यार्थिनीनं तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून बकोपा मोनिएरी लिहून टाकलं. समोर गोलसर, कातऱ्या कडांची पानं होती. म्हणजे सेंटेला एशियाटिका, कारिवणा, कोथिंबिरीच्या कुळातली. बकोपाची पानं लहान, मांसल आणि लांबट असतात. आजी चुकल्या नव्हत्या, त्यांच्या गावात तीच ब्राह्मी. पण ही वही वाचून उद्या कुणी औषधाला पाला गोळा करणार, तेव्हा दोन्हींतला फरक कागदावर असायलाच हवा.

अ‍ॅपवर माझा राग नाही. राग आहे तो एका फुलाचा फोटो काढून दहा सेकंदांत नाव हवं असण्याच्या घाईवर. माझ्या वहीत आधी गावचं नाव येतं, सांगणाऱ्याच्या उच्चारात. मग पानांची मांडणी, पानाच्या दोन्ही बाजू, साल, फूल, फळ, चीक आहे का, जागा आणि तारीख. शास्त्रीय नाव संध्याकाळी, पेन्सिलनं. खात्री नसेल तर फक्त प्रजाती लिहिते आणि पुढे ‘जात ठरायची आहे’ अशी नोंद करते. फुलं नसतील तर तेवढंही नाही. रकाना मोकळा ठेवते आणि बहराच्या दिवसांत त्याच झाडापाशी परत जाते.