खंडेनवमीला रंग मारण्याआधी छोट्या ट्रॅक्टरचं अर्थिंग बघून घ्या

लावणी उरकली आहे, सुगीला अजून अवकाश आहे आणि दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर धुऊन-रंगवून पूजेला लावायची लगबग सुरू होईल. पंधरा-वीस वर्षं वापरलेला छोटा ट्रॅक्टर असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी अर्धा दिवस त्याच्या अर्थिंगला द्या, म्हणजे इंजिन-चेसिसच्या लोखंडातून करंट बॅटरीकडे परत येण्याच्या वाटेला.

सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की नुसतं टक्‌ वाजतं, किंवा इंजिन कण्हत फिरतं. आपल्याकडे लगेच निदान ठरलेलं: बॅटरी गेली. नवी आणतात, चार दिवस बरं चालतं, मग ढकलून सुरू करायला पुन्हा उतारावर लावणं आलंच. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीत नसतोच. बॅटरीकडून करंट जाड केबलने सेल्फला जातो, पण परत येतो तो इंजिन आणि चेसिसच्या लोखंडातून. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. दीडशे अँपिअरला वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला, तरी बारातले दीड व्होल्ट तिथेच जिरतात. गंजलेला एक बोल्ट त्याला पुरतो.

बेळगावकडच्या खानापूर पट्ट्यात चिखलणी करताना पाणी आणि लाल माती चेसिसच्या सांध्यात जाऊन बसते. चिकोडी-निपाणीकडे उसाच्या आंतरमशागतीत खताची धूळ त्यात भर घालते. ती ओल धरते आणि गंज वाढवते. आणि दरवर्षीचा रंग! अर्थिंगच्या थिंबलखाली (केबलच्या टोकाच्या, बोल्टला बसणाऱ्या धातूच्या कडीखाली) रंग गेला, की वरून गाडी नवीकोरी आणि आत करंटची वाट बंद.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. तो वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर), लाल पिन इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या जागी. गिअर न्यूट्रल, डिझेल बंद करायचा स्टॉप ओढलेला; दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. काटा किंवा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला जोडून सेल्फ मारा. जोरात फिरला, तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा उगाच वर चढणं किंवा इंडिकेटरबरोबर दुसरा दिवा लुकलुकणं, हीही त्याचीच लक्षणं. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची वायर गरम लागली तर मात्र दुरुस्ती लांबवू नका. करंट तिथून वाट काढतोय.

दुरुस्ती करताना निगेटिव्ह केबल आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. अर्थिंगची केबल जिथे बसते ती जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासा. थिंबलही दोन्ही बाजूंनी घासा, स्टार (दातेरी) वॉशर घालून बोल्ट आवळा. ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. रंगही त्यानंतरच. केबलचं इन्सुलेशन फुगलेलं किंवा आतली तार हिरवी पडलेली असेल तर ती टाकून द्या. छोट्या ट्रॅक्टरला २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या आणि थिंबल दाबून बसवून आणा, पक्कडीने ठोकलेली नको. माझ्या मते बॅटरीपासून सरळ सेल्फच्या बोल्टजवळ इंजिनला एक जादा केबल टाकणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. फार जुन्या काही परदेशी बनावटीच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणून खुंटीवरची खूण बघूनच हात घाला.

पहाटेच्या अंधारात भाजी घेऊन बेळगावला जाणाऱ्यांनी ट्रॉलीकडेही बघावं. मागच्या लाल दिव्याचं अर्थिंग बऱ्याचदा हुकच्या पिनवर सोडलेलं असतं. पिन हलली की दिवा गेला. ट्रॅक्टरच्या चेसिसपासून दिव्यापर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढून घ्या.